गालातला गणपती

कढई माळ्यावर टाकायची, असं पुंडलिकराव चिमोट्यांनी एका संध्याकाळी ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या कढईमुळे घडलं असं ते आजही सांगतात. (त्यांच्या बायकोचं, नंदाताईंचं, मत वेगळं आहे. त्यांच्या मते कढई बिचारी निर्दोष आहे.)

झालं असं, की जबलपूरच्या रिछाईतल्या ज्या पाइपांच्या कारखान्यात पुंडलिकराव स्टोअर सांभाळतात, तिथला योगेंद्र नावाचा फिटर एकाएकी रजेवर गेला, आणि काही दिवसांनी बातमी आली की त्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सर निघाला होता. माणूस वाचला, पण अर्धा जबडा गेला. योगेंद्र सकाळपासून गुटख्याच्या पुड्या फाडायचा हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. पण तो कँटीनचे समोसेही खायचा, आणि पुंडलिकरावांचं लक्ष नेमकं समोशांवर गेलं.

"तळलेलं, नंदा! तळलेलंच!" घरात पाऊल टाकताच ते म्हणाले. "तेच तेल घडीघडी तापवतेत अन् माणसं खाऊन राहिले. आजपासून आपल्या घरी कढई बंद."

"अन् तो गुटखा खाये त्याचं काय?" नंदाताईंनी विचारलं.

"तो तं मी खातच नाही!"

हे खरं होतं. मुलगी क्षमा झाली तेव्हा त्यांनी तंबाखू सोडली होती, आणि त्याबद्दल इतकी वर्षं ते स्वतःचं कौतुक करत आले होते. तंबाखूबरोबर तोंडात जी सुपारी असायची ती मात्र मागे राहिली होती. अधारतालच्या मेन रोडवर नथ्थूचा पानठेला आहे. पुंडलिकराव लांबून दिसले की नथ्थू भाजलेली सुपारी कातरायला घेई. सुपारीला ते व्यसन मानत नसत. ते झाडाचं फळ. पूजेत गणपती म्हणून मांडतात, लग्न ठरलं की फोडतात. देवाच्या पाटावर चालते ती माणसाच्या तोंडात का चालू नये? या मुद्द्याला घरात कोणीच उत्तर दिलं नव्हतं, कारण पुंडलिकराव तो सुपारी तोंडात ठेवून मांडत आणि ऐकणाऱ्याला निम्मा कळत नसे.

तर कढई माळ्यावर गेली. तिच्यामागून पापडांचा डबा गेला. मग प्लास्टिकचे डबे गेले, ज्यांत नंदाताईंनी लग्नापासूनची डाळ-साखर ठेवली होती. ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला, माहेरचं माणूस निघाल्यासारखा. हळद सगळ्यात जाऊ लागली: वरणात, दुधात, कणकेत, आणि एकदा तर चहात. पुंडलिकरावांच्या पांढऱ्या मिशीला पिवळी किनार आली. कारखान्यात दोघांनी त्यांना कावीळ तपासून घ्यायला सांगितलं.

खरा अनर्थ भरताच्या दिवशी झाला. जाळावर वांगं भाजलं की साल करपते, आणि करपलेलं वाईट, असं कुठेतरी वाचून पुंडलिकरावांनी वांगं कुकरमध्ये उकडायला लावलं. वरुडकडच्या माणसाच्या ताटात उकडलेल्या वांग्याचं भरीत वाढायचं, हे पाप नंदाताईंना करावं लागलं. त्यांनी नवऱ्याला वाढलं आणि स्वतः शेजारच्या समिधाकडे जाऊन जेवून आल्या.

"चव जराशी वेगळी आहे," पुंडलिकराव दुसऱ्या दिवशीही तेच भरीत चमच्याने ढकलत म्हणाले, "पण जिभेचे लाड किती दिवस करायचे?"

यातलं सगळंच काही चुकीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. घरात भाज्या वाढल्या, फळं आली, पुंडलिकराव सकाळी उठून चालायला जाऊ लागले आणि पॅन्ट पट्ट्याशिवाय टिकेनाशी झाली. (चालताना तोंडात सुपारी असे. घसा कोरडा पडू नये म्हणून.) चूक एकच होती, आणि ती त्यांच्या डाव्या गालात होती.

आणि ते त्यांना आतून ठाऊक होतं. होळीला मुरलेली मिरची खाताना तोंडाची अशी आग झाली की त्यांनी पाण्यावर पाणी पिऊन वेळ मारून नेली. त्यानंतर साध्या फोडणीचंही वरण झोंबू लागलं. मग एकदा बाजारात फुलकीवाल्यासमोर (जबलपुरात पाणीपुरीला फुलकी म्हणतात) उभे असताना पहिलीच फुलकी तोंडात जाईना. तोंड तेवढं उघडेनाच. पुंडलिकरावांनी ती हातातच फोडली, पाणी शर्टावर सांडलं, आणि ते नंदाताईंना म्हणाले की हे पाणी काही शुद्ध दिसत नाही, आपण फुलक्या बंद करू. एका सकाळी दाढी करताना त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून गालाच्या आत पाहिलं. आत काहीतरी पांढुरकं, ताणलेलं दिसलं. त्यांनी टॉर्च बंद केला आणि त्याच दिवशी घरातली साखर अर्धी केली. माणूस घाबरला की देवाशी असा सौदा करतो: जे मागशील ते देतो, फक्त ते एक मागू नको.

इथपर्यंत नंदाताईंनी सगळं सोसलं. पण तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला.

क्षमाचं लग्न झाल्यावरचा हा पहिलाच अधिक महिना. जावयाला बोलवायचं, लक्ष्मीनारायण म्हणून लेक-जावयाला पाटावर बसवायचं, आणि ताटात तेहतीस अनारसे द्यायचे, तेही जाळी पडलेले. नंदाताईंनी तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. आता फक्त तूप तापवायचं राहिलं होतं आणि कढई माळ्यावर होती.

"बेक करू," पुंडलिकराव म्हणाले.

"काय करू?"

"समिधाकडे ओव्हन आहे. अनारसे बेक करू. तळायचं कामच नाही."

समिधाच्या ओव्हनमधून तीन अनारसे निघाले. जाळीचा पत्ता नव्हता, खसखस करपली होती, आणि एक खाली पडला तर फरशीवर टणकन वाजला. पुंडलिकराव स्वयंपाकघरात विणायची सुई शोधू लागले. भोकं काय, नंतरही पाडता येतात असं त्यांचं म्हणणं होतं.

नंदाताई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "मह्या एकुलत्या एका पोरीचा पहिला धोंडा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांत बोलल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं असे. "जावयाच्या ताटात तुमी सुईनं भोकं पाडलेले अनारसे वाढन का मी? कढई काढता का मी माहेरी जाऊ?"

कदाचित त्या वरुडला गेल्याही असत्या. पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि वाद भलत्याच अंगाने मिटला. फोन जावयाचा होता. जावई वेदांग कटनीला दातांचा डॉक्टर आहे. त्याचं घराणं पेशव्यांच्या काळापासून जबलपुरात, त्यामुळे मराठी त्याला कळते सगळी, पण बोलताना अर्ध्या वाटेवर हिंदी येऊन मिळते. नंदाताईंनी बोलणं संपवलं आणि त्या तोंडभरून हसल्या.

"रविवारी सकाळीच येऊन राहिले दोघं. अन् म्हणाले, बाबा हर बार टाल देते हैं, या वेळी त्यांचे दात बघूनच जाणार."

पुंडलिकरावांचा हात आपसूक तोंडावर गेला. साखरपुड्यापासून ते या माणसासमोर ओठ मिटून हसत आले होते. लग्नाच्या अल्बममध्ये वधूपित्याचा एकही दात दिसत नाही. फोटोग्राफरने तेव्हाच विचारलं होतं, अंकल को रिश्ता पसंद नहीं है क्या?

ते सरळ स्टुलावर चढले आणि त्यांनी कढई काढून दिली. उतरल्यावर म्हणाले, "अन् नंदा, अधिक महिना आहे. मी विचार करून राहिलो, रविवारी मौन धरतो. सूर्योदय ते सूर्यास्त. तोंडच उघडायचं नाही."

"पुरा दिवस?"

"पुरा."

नंदाताईंनी देवघराकडे पाहून हात जोडले. एका दिवशी इतकं मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

रविवारी पुंडलिकरावांनी सगळा बेत नीट आखला होता. पहाटे चालायला जायचं, नथ्थूकडून दिवसभराची सोय करून आणायची, आणि पुडी लेंग्याच्या खिशात ठेवायची. त्याप्रमाणे पुडी आलीही. पण नंदाताईंनी त्यांच्या अंगावर नवा झब्बा-पायजमा चढवला आणि जुना लेंगा पुडीसकट साबणाच्या बादलीत बुडवला. हे त्यांना कळलं तेव्हा नथ्थूची सुपारी फेसाबरोबर वर येत होती. बोलता येत नव्हतं, कारण मौन. परत ठेल्यावर जावं, तर दारात जावयाची गाडी येऊन उभी राहिलेली.

"नमस्ते बाबा!" वेदांग पाया पडला आणि वर येताना सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. पुंडलिकरावांनी ओठ आवळले आणि दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला.

"त्यांचं मौन आहे आज," नंदाताईंनी सांगितलं.

"मौन? बाबांचं?" क्षमा म्हणाली. "मम्मी, तबियत तो ठीक है ना?"

श्यामसुंदर गुरुजी आले. धोंड्याबरोबर नंदाताईंनी छोटीशी पूजाही ठेवली होती. पाटावर लाल कापड, तांदळाची रास, राशीवर कुंकवाने माखलेला सुपारीचा गणपती. बाजूला विड्याची दोन पानं आणि त्यावर दुसरी सुपारी. यजमान म्हणून पुंडलिकराव पाटाच्या अगदी जवळ बसले. बाहेर नवतप्याचे नऊ कडक दिवस तापलेले, कूलर नुसताच गुरगुरत होता, आणि त्यांच्या तोंडात सकाळपासून काहीही नव्हतं. दातांना सवय लागलेली असली की ते आपसूक चावू लागतात. पुंडलिकराव रिकामंच चावत होते. समोर सुपारी, शेजारी सुपारी, आणि गुरुजी सुपारीलाच पंचोपचार करत होते.

गणपतीचं आवाहन झालं, फुलं वाहिली, नैवेद्य दाखवला. मग नंदाताई लेक-जावयाला ओवाळायला उठल्या. अनारशांचं ताट पुढे आलं. एकूण एक अनारशाला अशी सुंदर जाळी पडली होती की गुरुजीही मंत्र सोडून बघत राहिले. सगळ्यांची नजर तिकडे आहे हे पाहून पुंडलिकरावांनी वेदांगवरची आपली नजर न हलवता हात हळूच विड्याच्या पानांकडे सरकवला. पानावरची सुपारी तशीही दक्षिणेबरोबर गुरुजींच्या पिशवीत जाणार होती. तेवढी एक कमी झाली तर काय बिघडणार होतं? बोटांना गोल, टणक काहीतरी लागलं. ते उचललं, खोकल्याचं निमित्त करून हात तोंडाशी नेला आणि आतल्या आत दाबलं. जरा जोर लावावा लागला. पण गेलं. डाव्या गालात जाऊन बसलं आणि पुंडलिकरावांना त्या दिवसात प्रथमच बरं वाटलं.

ओवाळणं आटोपलं. गुरुजी उत्तरपूजेला वळले, हातात अक्षता घेतल्या, आणि थांबले.

"गणपती कुठे गेले?"

तांदळाच्या राशीवर नुसता खळगा होता. विड्याच्या पानांवरची सुपारी जिथल्या तिथे होती. पुंडलिकरावांनी ती पाहिली आणि त्यांचं धाबं दणाणलं.

"घरंगळले असतील," म्हणून गुरुजींनी पाटाखाली पाहिलं. क्षमाने चटई झटकली. नंदाताईंनी अनारशांच्या ताटाखाली, समईमागे, स्वतःच्या पदरात शोधलं. वेदांग नव्या कपड्यांत गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली मोबाइलचा उजेड पाडू लागला.

"उंदीर ले गया होगा," क्षमा म्हणाली.

"दिवसाढवळ्या? माणसांसमोर?" नंदाताई म्हणाल्या.

"त्यांचं वाहनच आहे ते," गुरुजी म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. "यजमान, तुम्ही जवळ होता. तुम्हाला काही दिसलं?"

पुंडलिकरावांनी मान हलवली. नाही. मान हलवताना गाल झुंबरासारखा डुलला, आणि नेमका त्याच वेळी वेदांग सोफ्याखालून वर आला. त्याच्या हातातला उजेड सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पडला.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "ये सूजन कब से है?"

पुंडलिकरावांच्या डाव्या गालावर लिंबाएवढा उंचवटा आला होता.

"मम्मीजी, हे कधीपासून आहे? सकाळी तर... इतनी बड़ी गांठ! दुखतं काय?"

"गाठ?" नंदाताईंच्या हातातलं निरांजन कलंडलं. "अवं माय. गाठ?" त्या नवऱ्यापुढे येऊन बसल्या. "म्हणून तुमी हे सगळं करून राहिले होते? ते तेल, ते हळद? तुमाले माहीत होतं? मी उगाच भांडून राहिली कढईसाठी..."

पुंडलिकरावांनी बायकोचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला रागावलेली पाहिली होती, रडताना पाहिली होती, पण अशी पांढरी पडलेली कधी पाहिली नव्हती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी गाठ नाही असं हाताने सांगायचा प्रयत्न केला, आणि गालाकडे बोट दाखवून मग पाटाकडे बोट दाखवलं. नंदाताईंना वाटलं ते देवाकडे बोट दाखवतायत. त्या आणखी मोठ्याने रडू लागल्या.

"तोंड उघडा, बाबा." वेदांग हात धुऊन आला होता.

पुंडलिकरावांनी नकारार्थी मान हलवली.

"उघडा म्हणते ना मी!" नंदाताई ओरडल्या. "व्रत मोडलं तं पाप मह्या माथी! उघडा!"

त्यांनी उघडलं. म्हणजे उघडायला गेले. जी वस्तू जोर लावून आत गेली होती ती आता बाहेर येईना. तोंड अर्ध्यावर अडकलं, गालातून लाल लाळ ओघळली, आणि नव्या झब्ब्यावर लाल डाग पडला.

"खून!" क्षमा किंचाळली.

"कुंकू!" गुरुजी किंचाळले. त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

वेदांगने बोट आत घातलं, वाकडं केलं, आणि जरा झटापट करून गणपती बाहेर काढला. अंगाला कुंकू, एक तांदळाचा दाणा, आणि शेंड्यावर दोन दातांच्या खुणा. तो तळहातावर घेऊन वेदांग सासऱ्यांकडे पाहत राहिला. दंतवैद्यकाच्या कॉलेजात हे शिकवलेलं नव्हतं.

नंदाताई रडता रडता थांबल्या. "तुमी गणपती खाल्ला?"

"धुऊन परत मांडू का?" क्षमाने गुरुजींना विचारलं.

"उष्टा?" गुरुजींनी कपाळाला हात लावला. "आवाहन केलेलं आहे हो. उत्तरपूजेच्या आधी यजमानांनी देव तोंडात टाकला, असा प्रसंग माझ्या वडिलांवरही आला नव्हता." थोडा विचार करून त्यांनी सुपारी विड्याच्या पानावर घेतली, तिच्यावर अक्षता टाकल्या, आणि खबरदारी म्हणून चार अक्षता पुंडलिकरावांच्या डाव्या गालावरही टाकल्या. विसर्जनाचा मंत्र त्यांनी पूर्ण म्हटला. फक्त शेवटचं 'पुनरागमनाय च' तेवढं गाळलं.

आता खरं तर हसून प्रकरण मिटायचं. क्षमाला हसू फुटलंही होतं. पण वेदांग हसत नव्हता. त्याने खिडकीचा पडदा सारला आणि खुर्ची उजेडात ओढली.

"बाबा, बसा इथे. आपली तीन बोटं घ्या, अशी, उभी. तोंडात घाला."

खोलीतल्या प्रत्येकाने आपोआप तीन बोटं तोंडात घातली. वेदांगची गेली, क्षमाची गेली, नंदाताईंची गेली. पुंडलिकरावांची दोनही धड गेली नाहीत. (गुरुजींची अडीच गेली. ते दक्षिणा घेऊन जरा लगबगीनेच निघाले. सुपारी त्यांनाही आवडते.)

"किती दिवस झाले?" वेदांगने विचारलं.

मौन तर मोडलंच होतं. पुंडलिकराव पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "फुलकी जात नाही आता."

"कधीपासून?" हे नंदाताईंनी विचारलं.

"होळीपासून."

"अन् सांगितलं काहून नाही?"

"भेव लागून राहिलं होतं," पुंडलिकराव म्हणाले.

नंदाताईंनी पदराने त्यांच्या हनुवटीवरचं कुंकू पुसलं. क्षमा उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

"पर बाबा, बाकी सब तो आपने अच्छा किया," वेदांग म्हणाला. "भाजी, फळं, चालणं, सब सही है. कधीतरी एक अनारसा खाल्ला तर काही होत नाही. पण जी चीज सबसे पहले सोडायची, ती तुम्ही रोज चावताय. सुपारीनेच हे गाल आतून कडक होतात. तंबाखू नसली तरी होतात. याचाच पुढे कॅन्सर होऊ शकतो."

"पण ते तं पूजेत असते," पुंडलिकराव क्षीण आवाजात म्हणाले.

"पूजेत कापूरही असतो, बाबा. तो खाता का?"

इतक्या वर्षांत त्यांच्या मुद्द्याला हे पहिलं उत्तर मिळालं होतं. पुंडलिकराव गप्प बसले, आणि या वेळी व्रत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वेदांग त्यांना आपल्या एका सीनियर डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी गालातला छोटासा तुकडा तपासायला काढला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस चिमोट्यांच्या घरात वाईट गेले. पुंडलिकरावांनी कोणालाही हळदीबद्दल काही सांगितलं नाही. नंदाताईंनी न विचारता वांगं उकडलं, आणि त्यांनी न बोलता खाल्लं. एकदा तर नथ्थू स्वतः विचारपूस करायला घरी आला, आणि त्याला पाहून पुंडलिकरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण नंदाताई दारात उभ्या राहिल्या आणि नथ्थू उंबऱ्याबाहेरूनच राम राम करून गेला.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. "सध्या नाही," असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या 'सध्या'वर त्यांनी भरपूर जोर दिला. सुपारी कायमची बंद. गाल पूर्वीसारखे कधीच होणार नाहीत, दर थोड्या दिवसांनी येऊन दाखवायचं. आणि तोंड पुन्हा उघडायला रोज व्यायाम.

व्यायाम असा: आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचायच्या, ती चळत दातांमध्ये धरून बसायचं, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. काड्या दुकानात गठ्ठ्याने मिळतात, असं वेदांगने स्पष्ट सांगितलं होतं. पण नंदाताईंनी विकतच्या काड्यांवर विश्वास ठेवला नाही. कोणत्या लाकडाच्या असतील, कोणी हात लावले असतील, घरच्याच बऱ्या. त्यामुळे त्या उन्हाळ्यात चिमोट्यांच्या ओट्यावर रोज दुपारी नंदाताई आणि समिधा मन लावून आइसक्रीम खात बसत. आंब्याचं, पिस्त्याचं, रबडीचं. काडी चाटून, उकळत्या पाण्यातून काढून पुंडलिकरावांच्या हवाली होई. समिधाने तर आजारी माणसासाठी एवढंसं करायला काय जातं म्हणून दोन-दोन खाल्ली. पुंडलिकराव समोर बसून लाकूड धरून असत. तोंडात चळत असली की बोलता येत नाही, आणि नंदाताई हे औषध विसरू देत नसत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, टीव्हीवर मालिका लागली की एकदा.

पण गुण आला. पावसाळा सरता सरता दोन बोटांची अडीच झाली, मग सणासुदीला तिसरंही बोट घासून का होईना, आत गेलं. त्या संध्याकाळी नंदाताई त्यांना घेऊन बाजारात गेल्या. फुलकीवाल्याने एक साधी, बिनतिखट फुलकी पुढे केली. पुंडलिकरावांनी डोळे मिटले, आ वासला, आणि फुलकी अख्खी आत गेली. नंदाताईंनी गर्दीत उभ्या उभ्या डोळे पुसले.

पुंडलिकरावांनी गिळलं, मिशी पुसली आणि तोंड मोकळं झाल्याच्या आनंदात बोलायला सुरुवात केली. आधी फुलकीवाल्याला त्याच्या तेलाबद्दल सांगितलं. मग रांगेतल्या मुलींना मैद्याबद्दल. मग तिथे पुडी फाडणाऱ्या एका माणसाला सुपारीबद्दल, आणि हे तर अनुभवाने, होळीपासून विसर्जनापर्यंत सगळं. परतताना रिक्षात हळदीबद्दल. जेवताना कढईबद्दल, वाढत्या आवाजात, कारण आता 'आ' पूर्ण उघडत होता.

नंदाताई ताट उचलून आत गेल्या. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कटनीला फोन लावला.

"जावईबापू, तोंड एकदम छान उघडलं ह्यांचं. तुमचे उपकार फेडता यायचे नाहीत," त्या म्हणाल्या, आणि मग बाहेरून येणाऱ्या आवाजाकडे कान देत हळूच विचारलं, "फक्त एवढं सांगा, आता रोजच्या दोन-चार काड्या कमी करून तोंड जरासं मिटवलं तं चालन का?"